पेत्रीनच्या टेकडीवरील आरसे

प्राग शहरात व्ल्टावा नदीच्या डाव्या तीरावर पेत्रीन नावाची गर्द झाडीची टेकडी आहे. १८९१ साली शहरात भरलेल्या मोठ्या प्रदर्शनासाठी चेक पर्यटक मंडळाने जुन्या किल्ल्याच्या दरवाजासारखी एक लाकडी वास्तू उभारली होती. १८९३ मध्ये ती या टेकडीवर आणली गेली. आत आरशांचा चक्रव्यूह आहे, १६४८ साली चार्ल्स पुलावर स्वीडिश सैन्याशी झालेल्या लढाईचे विशाल चित्र आहे आणि वेड्यावाकड्या आरशांचे एक दालन आहे.

दादा नोकरीनिमित्त प्रागला असतो. त्याला जत्रेतल्या जुन्या आरशांचा छंद. वडील गेल्यावर वर्षभराने आम्ही आईला त्याच्याकडे घेऊन गेलो, तेव्हा दारातच पुरुषभर उंचीचा असा एक आरसा उभा होता. आई त्याच्याकडे पाठ करून आत गेली. वडिलांच्या पश्चात तिने आरशात पाहणेच सोडले होते. केस हाताच्या अंदाजाने विंचरी. मोकळे कपाळ पाहवत नव्हते तिला.

दादा मात्र आरशाविषयी बोलताना थकत नाही. काच भट्टीत मऊ करून साच्यावर वाकवायची, मग पाठीमागे चांदीचा मुलामा द्यायचा. उभ्या नळीसारखा फुगवटा माणसाला काडी करतो, आडवा फुगवटा बुटका करतो. एकाच काचेला खोलगट आणि फुगीर अशा लाटा दिल्या की डोके एका मापाचे, पाय दुसऱ्याच. कडांतून दमट हवा शिरली की चांदी काळवंडते. नवा मुलामा दिला तर प्रतिमा लख्ख होते, पण जुना थर कायमचा जातो; म्हणून दादा त्या डागांना हात लावू देत नाही. चौकटीवरचा पोपडे धरलेला रंगही त्याने तसाच ठेवला आहे. मला विचाराल तर, खोटेच दाखवणाऱ्या आरशाच्या खरेपणाची एवढी काळजी गमतीचीच. पण चौकट पाहिली की त्याचे म्हणणे पटते.

पेत्रीनवर आई दालनाबाहेरच बाकावर बसली. आत कोणा परक्या मुलाला हसू आवरेना. त्याची आजीही हसत होती. तो आवाज ऐकून आई उठून आत आली आणि नेमकी लाटांच्या आरशासमोर थांबली. कपाळ हातभर उंच झाले होते. आम्ही श्वास रोखून उभे.

ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “तुझे बाबा असते तर म्हणाले असते, हिला आता टिकली पुरायची नाही, ताटलीच लावा!” आणि तोंडाला पदर लावून हसू लागली. हसता हसता डोळे पुसले.

त्या रात्री दारातल्या आरशासमोर उभे राहून तिने वेणी घातली. भांग सरळ आहे का, असे दादाला दोनदा विचारले. त्या आरशात तो नागमोडीच दिसत होता.