दाखल न केलेली फिर्याद

परवा आमच्या देवळाच्या सभामंडपात अण्णांची शोकसभा झाली. कुणी त्यांच्या कारखानदारीविषयी बोलले, कुणी जीर्णोद्धाराला त्यांनी नाव न लावता दिलेल्या देणगीविषयी. माझी पाळी आली तेव्हा खांबाशी उभा असलेला एक गृहस्थ मला दिसला आणि योजून आणलेले भाषण मी विसरलो. तेथे जे बोलता आले नाही ते आज लिहितो.

बेळगावच्या उद्यमबागेत पत्र्याच्या शेडमध्ये दोन जुन्या लेथवर अण्णांनी धंदा मांडला. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचे व्हॉल्व्ह ते बनवीत. मी शेजारचा मुलगा. कायद्याच्या शेवटच्या वर्षाची माझी फी त्यांनी भरली आणि सनद मिळताच पहिले कामही त्यांनीच दिले.

ते काम असे. 2006 साली त्यांचा बारा वर्षांचा जुना कारागीर नोकरी सोडून गेला आणि जाताना एका व्हॉल्व्हचे नकाशे घेऊन गेला. महिन्याभरात त्याने स्वतःचा लेथ बसविला. मी रात्र जागून फिर्यादीचा मसुदा केला. नव्या वकिलाच्या आवेशात 'विश्वासघात' हा शब्द त्यात सात वेळा आला होता. अण्णांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि पेपरवेटखाली ठेवला. पेपरवेट म्हणजे त्यांचे पहिले, पोकळी राहून फुकट गेलेले ओतकाम.

"वकीलसाहेब, मसुदा उत्तम आहे. फी घेऊन जा. दाखल मात्र करू नका."

मग त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट काढली. आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या या माणसाने 1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. 1903 साली लोखंडी नांगर घडविला. पण लोखंडाने जमीन नासते या समजुतीने पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. 1910 साली बेळगावची जागा सुटली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. तेथे वसविलेल्या किर्लोस्करवाडीत लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली माणसे रात्रीच्या पहाऱ्यावर नेमली.

"ज्यांच्या भीतीने कुलपे लावायची, त्यांच्याच हाती पहारा!" अण्णा म्हणाले. "आणि मी चार कागदांसाठी पोलिसांत जाऊ? नकाशे परत मिळतील रे बाळ. पण लेथवरचा त्याचा हात मी घडविला. तो कसा परत घेऊ?"

पुढच्याच आठवड्यात त्यांनी त्या कारागिराकडे दोनशे नग कातायला पाठविले. मला हा शुद्ध भाबडेपणा वाटला, आणि त्याची किंमत त्यांना मोजावीही लागली. त्या माणसाने कमी भाव देऊन अण्णांचे एक जुने गिऱ्हाईक फोडले, आणि त्या वर्षी ठरलेले नवे यंत्र अण्णांना घेता आले नाही. मी ते बोलून दाखविले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "त्याच्याकडे आता सहा पोरे काम शिकताहेत."

कायदा मनुष्याला त्याचा हक्क सांगतो. तो हक्क कोठे सोडावा हे मात्र कोणत्याही कलमात लिहिलेले नाही. माझ्या वकिलीतला तेवढा धडा अण्णांच्या टेबलापाशी झाला. माझे चुकले होते हे त्यांना सांगायचे मात्र राहून गेले.

खांबाशी उभा होता तो हाच कारागीर. गेली कित्येक वर्षे तो माझा पक्षकार आहे, आणि त्या मसुद्याची गोष्ट मी त्याच्यापासून लपवून ठेवली होती. सभा संपल्यावर, चपला घालता घालता, मी ती सांगून टाकली.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ठाऊक आहे मला. अण्णांनीच वाचायला दिला होता. म्हणाले, आपला पोरगा चांगले लिहितो; तुझे कागद त्याच्याकडेच दे."