शेवटच्या पन्नास बारचं वजन

३ ऑक्टोबर, मालवण
होड्या पुन्हा पाण्यात उतरू लागल्या, पण समुद्र अजून गढूळ. आज नुसत्या डुबकीच्या हवेच्या टाक्या बाहेर काढून त्यांच्या खांद्यावर ठोकलेल्या तारखा वाचल्या. चाचणीची मुदत संपलेल्या बाजूला ठेवल्या, त्यामुळे नव्या घेणं आलंच. भावाला स्टीलच्या हव्यात. "हवा जास्त मावते," म्हणतो. परदेशी बनावटीच्या घेतल्या तर नागपूरच्या 'पेसो' या सरकारी सुरक्षा संस्थेची मंजुरीही बघावी लागणार.

४ ऑक्टोबर
रात्री कागद घेऊन बसलो. आपली नेहमीची अ‍ॅल्युमिनियमची 'ऐंशी घनफुटी' टाकी: आत ११.१ लिटर जागा, २०७ बार दाबाला सुमारे २३०० लिटर हवा. लिटरला १.२ ग्रॅम धरले तर ही हवा पावणेतीन किलोची. डुबकी मारताना हे वजन पाठीवर असतं, वर येईपर्यंत बरंचसं श्वासावाटे गेलेलं असतं. म्हणून भरलेली टाकी समुद्रात पाऊण किलो खाली ओढते आणि पूर्ण रिकामी झाली की दोन किलो वर उचलते. ५० बार उरलेले असताना सव्वा किलोच्या आसपास.
कमरेच्या पट्ट्यावर किती शिसं घ्यायचं ते ठरवायचं या ५० बारसाठी. वर येताना सुरक्षेसाठी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायची वेळ तेव्हाच येते आणि टाकी नेमकी तेव्हाच वर पळू पाहते.

११ ऑक्टोबर
पाणी जरा निवळलं. पुण्याच्या तलावात शिकून आलेला एक मुलगा तिथल्याएवढ्याच शिशावर उतरायला निघाला होता. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड. माणूस आणि सामान मिळून शंभर किलो धरलं तर अडीच किलो शिसं जादा लागतं. हे सांगितल्यावर गडी चार किलो वाढवायला निघाला! होडीवरचे काका म्हणाले, "तुका एवढां शिसां कित्याक होयां?" नेमका प्रश्न.
उत्तर पाण्यात मिळालं. बीसीडी (हवा भरून तोल साधायचं जाकीट) रिकामं, साधा श्वास घेतलेला, पाय स्थिर. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे, श्वास सोडला की डोकं सावकाश बुडालं पाहिजे. टाकी भरलेली होती म्हणून तेवढ्या शिशावर आणखी दोन किलो ठेवले. बाकीचे ठोकळे परत होडीत.

१२ ऑक्टोबर
कालच्या मुलाने विचारलं, जास्त शिसं घेतलं तर बिघडतं काय? सोबत असलेलं बरंच की.
बिघडतं. तीन किलो फाजील शिसं तोलायला बीसीडीत तीन लिटर हवा भरावी लागते. दहा मीटरवर दाब २ बार, पाच मीटरवर दीड. म्हणजे तेवढं वर आलं की तीनाचे चार लिटर होतात आणि पृष्ठभागावर सहा. हवा वेळेवर सोडली नाही तर थांबा घ्यायचा राहतो, माणूस वर. शिवाय कमरेला शिसं आणि छातीशी हवा, त्यामुळे शरीर तिरकं होतं, पाय लोंबतात, फिन्सनी वाळू उडते. आपल्या किनाऱ्यावर दिसण्याची आधीच बोंब, त्यात मागच्याला काय दिसणार? नवशिक्याची टाकी लवकर संपते त्यात फुप्फुसांइतकाच दोष या शिशाचा असतो, असं माझं मत.

१९ ऑक्टोबर
मागून आणलेली बारा लिटरची स्टीलची टाकी पाठीवर घेतली. ही रिकामी होत आली तरी वर उचलत नाही, उलट किलोभर खालीच ओढते (मॉडेलप्रमाणे थोडंफार कमी-जास्त). पट्ट्यावरचं दोन-तीन किलो शिसं गेलं. होडीत चढताना कंबर खुश.
पण तीन मिलिमीटरचा वेटसूट घातला तर माझ्या पट्ट्यावर जेमतेम एक ठोकळा उरतो. अडचण आली की शिसं टाकून वर येता येतं. पाठीवरची टाकी कशी टाकणार? नुसता पातळ टी-शर्ट घालून उतरणाऱ्या पर्यटकाला ही टाकी मी देणार नाही. पाच मिलिमीटरच्या सूटवाल्याला जरूर देईन, कारण त्याला शिसं जास्तच लागतं. शिवाय गंज आहेच. आत ओलसर हवा गेली किंवा बुडाच्या रबरी बुटात मीठ साचलं की स्टील खाल्लं जातं. अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पडतात, पण ते बरंच सोसतं.

२१ ऑक्टोबर
भावाशी भांडण मिटलं. दोन स्टीलच्या, आम्हा दोघांसाठी, बाकी अ‍ॅल्युमिनियमच. बूट काढून धुता येतील असेच हवेत, हे ऑर्डरमध्ये लिहिलं. एक किलोचे ठोकळेही मागवले. दोन-दोन किलोंच्या ठोकळ्यांनी वजन नेमकं जमतच नाही.