जिंकलेला खटला

चरित्रे वाचताना मला एक खोड आहे. नायकाने काय जिंकले यापेक्षा कुणाला हरवून जिंकले, हे मी शोधत बसतो. थॅडियस स्टीव्हन्स या अमेरिकन वकिलाच्या चरित्रात तर मी एका विजयापाशीच अडून राहिलो.

१७९२ साली व्हरमाँटमधील गरीब घरात हा जन्मला. एक पाय जन्मतःच वाकडा. बाप घर सोडून गेलेला. आईने कष्ट करून त्याला शिकवले. पुढे पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्गला त्याने वकिली थाटली. १८२१ साली शेजारच्या मेरीलँडमधील एका मालकाचे वकीलपत्र त्याने घेतले. समोर होती चॅरिटी बटलर ही गुलाम स्त्री आणि तिची मुले. बाहेरच्या मालकाने पेनसिल्व्हेनियात सहा महिने ठेवलेला गुलाम मुक्त होई, असा तिथला कायदा. चॅरिटीचे निरनिराळे मुक्काम मिळून तेवढे दिवस भरत होते. स्टीव्हन्स म्हणाला, मुक्काम सलग हवा. न्यायालयाला ते पटले. मायलेकरे दास्यातच राहिली.

शब्दाचा कीस काढणे हा आम्हा भाषा शिकवणाऱ्यांचाही धंदा. पण आमच्या वर्गात त्यामुळे कुणाच्या पायांत बेडी पडत नाही.

तोच वकील पुढे पळून आलेल्या गुलामांची बाजू मांडू लागला. १८३५ साली मोफत शाळांचा कायदा रद्द होऊ घातला, तेव्हा त्याच्या भाषणाने विधानसभेचे मत फिरवले. १८३८ साली कृष्णवर्णीयांना मताधिकार नाकारणाऱ्या राज्यघटनेवर त्याने सही केली नाही. काँग्रेसमध्ये गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या आणि सर्वांना समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीसाठी तो झगडला. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, ते याच मुक्तिकार्याबद्दल.

११ ऑगस्ट १८६८ रोजी स्टीव्हन्स गेला. लँकेस्टर गावातील इतर दफनभूमींत वर्णभेद पाळत. म्हणून तो न पाळणारी एक लहानशी जागा त्याने निवडली आणि त्याचे कारण थडग्यावर कोरवले.

सहा महिन्यांचा सलग मुक्काम मागणारा हा माणूस पुढे तीस वर्षे न्यायाच्या बाजूला सलग मुक्काम करून राहिला. तेवढ्याने हिशेब फिटतो का? मला फिटला असे म्हणावेसे वाटते. पण चॅरिटीच्या वतीने पावती देण्याचा अधिकार माझा नव्हे.