आमचा लाकडी बेडूक

मनुष्यास विजयाचा हर्ष फार होतो. परंतु तो विजय कोणत्या मार्गाने मिळविला, याचा विचार बहुधा मागाहून सुचतो. श्रावणातील सुटीत हरिहरेश्वरास मामांकडे गेलो असता हा धडा आम्हांस एका माशाने शिकविला.

हरिहरेश्वरी सावित्री नदी समुद्रास मिळते. तेथील पाणी खारे; म्हणून गोड्या पाण्यातील मरळ हवी असल्यास आत भातशेतांकडील तळ्यावर जावे लागते. मामांनी आम्हांस गळाची काठी व एक लाकडी बेडूक दिला. हा बेडूक पाण्यावर तरंगतो, दोरीस हिसका देताच खऱ्या बेडकाप्रमाणे पुढे सरकतो, आणि त्याच्या पोटाखाली गळ असतो. "आज मरळ आणल्यावाचून परतणार नाही," अशी प्रतिज्ञा आम्ही आजीसमोर केली. मामेभावंडे हसली, त्यामुळे आमचा निश्चय अधिकच दृढ झाला.

तळ्याच्या एका कोपऱ्यात पाणी सारखे बुडबुडत होते. आम्ही बेडूक नेमका तेथेच फेकला. एक हिसका, दुसरा हिसका, तोच मोठा खळखळाट झाला, बेडूक दिसेनासा झाला व काठी कमानीसारखी वाकली. बऱ्याच ओढाताणीनंतर दीड हात लांबीची, काळसर पाठीची मरळ काठाशी आली. आमच्या आनंदास पारावार उरला नाही.

मामा मात्र त्या कोपऱ्याकडे पाहत होते. "अरे, ते तांबूस काय दिसते, पाहिलेस का?"

पाहतो तो शेकडो इवली पिले पृष्ठभागाशी दाटीने वरखाली करीत होती! मामांनी सांगितले, की पावसाळ्यात मरळीची जोडी पाणवनस्पती बाजूस सारून जागा करते. अंडी पाण्यावर तरंगतात, आणि पिले निघाल्यावरही आईबाप कित्येक दिवस पहारा करतात. जवळ येईल त्यावर ती तुटून पडतात. आमच्या बेडकास धरणारी मरळ भुकेली नव्हती; ती पहारेकरी होती. आई की बाप, कोण जाणे!

"मासा तुझा आहे. काय ते तूच ठरव," एवढेच मामा म्हणाले.

प्रतिज्ञा आठवली, भावंडांचे हसणे आठवले. इतक्यात एक खंड्या पिलांवर सूर मारून गेला, आणि आमचा निर्णय झाला. हात ओले करून आम्ही गळ हलकेच काढला व मरळीस पाण्यातच सरळ धरून ठेविले. ती क्षणभर निश्चल राहिली. मग शेपटीचा एक फटकारा आमच्या तोंडावर पाणी उडवून गेला. थोड्याच वेळात कोपऱ्याजवळ तिने वर येऊन हवेचा घोट घेतला. मरळ कल्ल्यांप्रमाणेच हवेतूनही श्वास घेते.

रात्री पानात पिठलेभात होता. भावंडांनी यथेच्छ थट्टा केली. आजी मात्र म्हणाली, "महाडाजवळ वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून महाशीरांस कोणी हात लावीत नाही. आज तूही तेच केलेस."

वाळणकोंडीचे ते पाणी काळ नदीचे. ती सावित्रीस मिळते, आणि सावित्री हरिहरेश्वरी येते. दुसऱ्या दिवशी सागरसंगमावर उभे असता आम्हांस वाटले, बेडूक लाकडाचा होता खरा. पण त्या मरळीची माया खोटी नव्हती. ज्याची माया हेच ज्याचे मर्म, त्यास त्या मर्मावर गाठून जिंकणे यात पुरुषार्थ तो कसला?