स्कॉटलंडचा कालवा आणि चिंचवडमधील एका कुटुंबाचे प्रवासनियोजन

पिंपरी-चिंचवड व चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात सुट्टीचा कोणताही बेत कारखान्याच्या वेळापत्रकातून वाट काढतच पुढे सरकतो. अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते आणि सलग मोठी रजा बहुधा ‘शटडाउन’मध्ये, म्हणजे देखभालीसाठी उत्पादन थांबवले जाते त्या दिवसांतच, पदरात पडते. चाकणच्या वाहनउद्योगात काम करणारे एक अभियंता दांपत्य, त्यांची शाळकरी मुलगी आणि भोसरीच्या गिअर कारखान्यात फिटर म्हणून हयात घालवलेले आजोबा अशा चिंचवडच्या एका कुटुंबाने मे महिन्यातील अशी रजा स्कॉटलंडच्या कालव्यावर, नॅरोबोटीत राहून घालवण्याचे ठरवले. नॅरोबोट म्हणजे जेमतेम ७ फूट रुंदीची, पण लांबीला ७२ फुटांपर्यंत जाणारी पोलादी नौका असून तिच्यात झोपण्याची जागा, स्वयंपाकाचा ओटा व न्हाणीघर एकामागोमाग एक मांडलेले असते. ती भाड्याने मिळते आणि नौकानयनाचा परवाना नसलेल्या माणसालाही थोडक्यात शिकवून तिचे सुकाणू हाती दिले जाते.

पुणे जिल्ह्यातील माणसाला कालवा परका नाही. मात्र त्याच्या ओळखीचा कालवा शेतीचा असतो. खडकवासल्याहून निघून दौंड-इंदापूरकडे जाणाऱ्या मुठा उजव्या कालव्याला पाणी वाहते राहावे म्हणून उतार दिलेला आहे आणि त्याचे पाणी आवर्तनाने, म्हणजे ठरवून दिलेल्या पाळीने, सोडले जाते. नौकानयनाच्या कालव्याची रचना नेमकी उलट असते, कारण तेथे पाणी शक्य तितके स्थिर व एका पातळीत ठेवावे लागते आणि जमीन चढते किंवा उतरते तेथे जलपाश बांधावा लागतो. जलपाश म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला चिरेबंदी हौद. नौका आत घेऊन दरवाजे लावायचे, पाणी भरायचे किंवा सोडायचे आणि नौका पुढच्या पातळीला आली की समोरचे दरवाजे उघडायचे, असे त्याचे काम चालते. या कुटुंबाच्या नियोजनाची खरी किल्ली येथेच होती. नॅरोबोटीचा वेग ताशी ४ मैलांवर, म्हणजे भराभर चालणाऱ्या माणसाच्या वेगावर, जात नसला तरी दिवसाचा पल्ला नुसत्या मैलांवर ठरत नाही, वाटेत किती जलपाश आहेत यावर ठरतो; म्हणून त्यांनी अंतराच्या नकाशाऐवजी आलेख कागदावर पाण्याच्या पातळ्यांचा उभा छेद काढला आणि मार्ग त्यावरून निवडला. असा बेत आखू पाहणाऱ्या कोणालाही हीच पद्धत सुचवावी, इतकी ती योग्य आहे.

त्या छेदावर दोन कालवे ठळक दिसत होते. जॉन स्मीटन या अभियंत्याने आखलेला फोर्थ अँड क्लाइड कालवा १७९० मध्ये पूर्ण झाला. तो ३५ मैल लांब असून त्यावर मुळात ३९ जलपाश होते. ह्यू बेअर्डचा युनियन कालवा १८२२ मध्ये खुला झाला आणि तो फॉलकर्कपासून एडिनबरोपर्यंतची सुमारे ३१ मैलांची वाट एकाच समपातळीवर, डोंगराच्या कडेने वळसे घेत, कापतो. फॉलकर्कपाशी हे दोन्ही कालवे ११ जलपाशांच्या पायऱ्यांनी जोडलेले होते. त्या पायऱ्या १९३३ मध्ये मोडून टाकण्यात आल्या आणि १९६३ व १९६५ मध्ये दोन्ही कालवे वाहतुकीला बंद झाले. दोन्ही पाण्यांमधील ३५ मीटरांचा फरक पुन्हा जोडण्यासाठी जे यंत्र उभे राहिले, ते फॉलकर्कचे चक्र २४ मे २००२ रोजी सुरू झाले.

या चक्रापाशी कुटुंबाचे नियोजन बराच काळ रेंगाळले, आणि ते स्वाभाविकही होते. चक्राच्या दोन भुजांवर पाण्याने भरलेल्या दोन कुंड्या असतात. तरंगणारी नौका स्वतःच्या वजनाइतकेच पाणी बाजूला सारते, त्यामुळे एका कुंडीत नौका असो वा नसो, दोन्हींचे वजन समतोल राहते आणि अर्ध्या फेरीला सुमारे दीड युनिट वीज पुरते. कुंड्या फिरतानाही सपाट राहाव्यात म्हणून मध्यभागी एक स्थिर दंतचक्र, त्याच्या दोन बाजूंना दोन लहान दंतचक्रे आणि त्यांच्या पलीकडे प्रत्येक कुंडीला मधल्या चक्राच्याच मापाचे एक दंतचक्र अशी मालिका बसवलेली आहे. फिरताना ताण सतत दिशा बदलतो आणि अशा ताणाने वेल्डिंगचे सांधे थकून तडकण्याचा धोका असतो. म्हणून हा सांगाडा १४,००० हून अधिक बोल्टांनी जोडला गेला. दात पाडण्यात आणि गिअर बसवण्यात आयुष्य गेलेल्या आजोबांनी ही दंतचक्रांची मालिका वहीत काढून दातांचे गणित स्वतः पडताळले आणि मगच बेताला मनापासून होकार दिला.

चक्र नौकेला २४ मीटर उचलते व उरलेली ११ मीटर उंची दोन जलपाश पार करून गाठावी लागते. त्यानंतर मात्र एडिनबरोपर्यंत एकही जलपाश नाही. पूर्वेकडे केल्पी या ३० मीटर उंच घोड्यांच्या पोलादी शिल्पांकडे जाण्याची मुलीची इच्छा होती, पण त्या बाजूला जलपाशांची लांबलचक मालिका असल्याने तेथे रस्त्याने जायचे ठरले. व्हिसाचे काम रजेचे पत्र, बँकेचे तपशील आणि पुण्यातच देता येणारे बोटांचे ठसे एवढ्यात आटोपले. शिध्याच्या यादीत भाजणी, ज्वारीचे पीठ, गोडा मसाला व लसणाची चटणी राहिली. बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणण्यास ब्रिटनमध्ये मनाई असल्याने साजूक तूप आणि पेढे तेवढे वगळावे लागले.

अंतिम आराखड्यात एडिनबरोपर्यंत नौका नेण्याचा हट्ट सोडून देण्यात आला. फॉलकर्कचा ६३० मीटरांचा बोगदा आणि एव्हन नदीवरचा १२ कमानींचा जलसेतू ओलांडून लिनलिथगोला पोहोचायचे, तेथे नौका दोन रात्री काठाला बांधून ठेवायची आणि कालव्यापासून जवळच असलेल्या स्थानकावरून रेल्वेने एडिनबरो पाहून यायचे, असे ठरले. शिवाय एक दिवस वाऱ्यापावसासाठी मोकळा सोडण्यात आला. परतीच्या वेळी आजोबा वरच्या जलपाशापाशीच उतरून पायवाटेने खाली जाणार आहेत, म्हणजे बाकीचे तिघे नौकेतून उतरत असताना त्यांना दंतचक्रे फिरताना बाहेरून, पूर्ण अर्धी फेरी पाहता येईल.