पहिली पसंती, दुसरी पसंती

मशवरा करून काम करावे, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते. कुरआनच्या ४२व्या सूरहचे नावच ‘अश-शूरा’, म्हणजे आपसांतील विचारविनिमय. पण मशवरा करायचा कसा? बहुधा मोठा भाऊ बोलतो आणि बाकीचे माना हलवतात.

अब्बांच्या इंतकालनंतर जुने घर नव्याने बांधायचे होते. इंजिनीअरने चार नकाशे दिले. अम्मीचा आणि बहिणींचा हिस्सा शरीअतने ठरवलेला. त्यावर मते घेण्याचा प्रश्नच नव्हता. घर कसे असावे, एवढेच ठरवायचे होते. अम्मी, आम्ही पाच भावंडे, सुना आणि जावई अशा अकरा जणांनी चिठ्ठीवर चारही नकाशांना पसंतीचा क्रम दिला. चिठ्ठीवर नाव नव्हते.

पहिल्या पसंतीत मोठ्या दिवाणखान्याच्या नकाशाला ४, अंगण आणि तळमजल्यावर अम्मीची खोली असलेल्याला ३, दुकानगाळ्यांच्या नकाशाला ३ आणि चौथ्याला १ मत मिळाले. हात वर करून ठरवले असते, तर दिवाणखाना जिंकला असता; अकरापैकी सात जणांची ती पहिली पसंती नसतानाही! आम्ही सर्वांत कमी मतांचा नकाशा बाद केला. त्या चिठ्ठीवरची दुसरी पसंती अंगणाला होती. मग गाळे बाद झाले आणि त्या तिन्ही चिठ्ठ्याही अंगणाकडे वळल्या. शेवटी ७ विरुद्ध ४. भाईजानांना दिवाणखाना हवा होता. पण मोजणी त्यांनीच केली होती, त्यामुळे तक्रारीला जागा उरली नाही.

ही पद्धत देशपातळीवरही वापरली गेली आहे. न्यूझीलंडमध्ये २०१५ साली नव्या राष्ट्रध्वजासाठी दहा हजारांहून अधिक नमुने आले. त्यांतील पाच नमुन्यांवर मतदारांकडून असाच क्रम मागवला गेला. पहिल्या पसंतीत पुढे असलेला लाल-पांढरा-निळा नमुना अखेरच्या मोजणीत काळ्या-पांढऱ्या-निळ्या नमुन्याच्या मागे पडला. मात्र मार्च २०१६ मध्ये ‘जुना की नवा?’ असे विचारल्यावर ५६.६ टक्के लोकांनी जुनाच ध्वज राखला. म्हणजे बदल हवा का, हे आधी विचारलेले बरे. आम्हीही चिठ्ठ्या वाटण्याआधी अम्मीला विचारले होते, ‘घर पाडायचे ना?’

मशवऱ्यात ‘तुला काय हवे?’ एवढे विचारून भागत नाही. ‘ते नाही मिळाले, तर काय चालेल?’ हेही विचारावे. घरातल्या अबोल माणसाचे म्हणणे बहुधा या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात सापडते.