चार साइट्स आणि एक नोव्हेंबर

4 नोव्हेंबर 2025, मंगळवार. यवतमाळ

सकाळी पुण्याच्या एका कंपनीचा फोन. माझ्या चारही साइट्स त्यांना चालवायला हव्यात : कापूस, वऱ्हाडी जेवण, टिपेश्वर अभयारण्य आणि सरकारी योजना. मालकी माझीच राहील, लिहिणारी माणसं त्यांची. महिन्याला चारशे लेख, वर्षभरात चाराच्या वीस साइट्स. "मॅडम, तुम्ही अजून स्वतः लिहिता, स्वतः फोटो काढता. तुमची वाढ तिथंच अडकलीय." महिनाअखेरीला उत्तर द्यायचंय.

पैशाचा प्रश्न खरा आहे. 2018मध्ये गूगलच्या ॲडसेन्स जाहिरात सेवेने मराठीला जागा दिली तेव्हा कापसाच्या साइटवर जाहिराती सुरू झाल्या आणि हे काम घरखर्चाला हातभार लावू लागलं. आता गूगल बऱ्याच प्रश्नांची उत्तरं वरच्या वरच देऊन टाकतं, माणूस पानापर्यंत येतच नाही. वाचक घटले की पानं वाढवावीत, हा सल्ला सगळीकडून मिळतो. मला तो पटत नाही. का पटत नाही, ते या महिन्यात नीट तपासून लिहून ठेवायचं ठरवलंय.

7 नोव्हेंबर, शुक्रवार

पांढरकवडा रोडच्या एका जिनिंगवर गेले. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या, ताडपत्र्या अर्धवट उघड्या. एक काका फोन पुढे करून म्हणाले, "ताई, हा भाव तुम्हीच टाकला ना? हा सीसीआयचा हाय का व्यापाऱ्याचा?"

पानावर सीसीआयचा म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचा आणि व्यापाऱ्याचा असे दोन्ही रकाने होते, पण त्यांच्या फोनच्या पडद्यावर पहिलाच दिसत होता. दुसरा उजवीकडे सरकवल्याशिवाय दिसत नाही, आणि तो सरकतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. घरी मोठ्या पडद्यावर बसून हे मला कधी कळलं नसतं. रात्री तक्ता मोडून भाव एकाखाली एक लावले : हमीभाव, बाजार समिती, खेडा खरेदी.

हमीभावाखाली ओलाव्याची ओळही घातली. यंदा लांब धाग्याच्या कापसाला 8110 रुपये, मध्यम धाग्याला 7710. पण तो पूर्ण भाव 8 टक्के ओलाव्याला. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात आणि 12च्या वर गेला तर सीसीआय घेतच नाही. 12 टक्क्यांचा कापूस म्हणजे लांब धाग्यात क्विंटलमागे सव्वातीनशे रुपये गेले. ऑक्टोबरच्या पावसाने पऱ्हाटी भिजलेली, त्यात बाया दंवात वेचणी करतात. माझ्यासमोर एका गाडीत यंत्राची सळई खुपसली, आकडा 14च्या पुढे. मालकाने काहीही न बोलता ताडपत्री पूर्ण काढली आणि कापूस उन्हात पसरायला घेतला. व्यापारी हमीभावाच्या बरंच खाली बोलत होता, म्हणून मालकाला त्याला विकायचा नव्हता.

"आजचा कापूस भाव" या नावाची शेकडो पानं गूगलवर आहेत. मला दिसलेल्या बहुतेक पानांवर ओलाव्याचा शब्द नाही.

11 नोव्हेंबर, मंगळवार

अकोल्याहून लिहिणाऱ्या मुलाने गुलाबी बोंडअळीवरचा मजकूर पाठवला. भाषा स्वच्छ. त्यातला बराचसा भाग एआयकडून करून घेतलाय, हे त्याने आपणहून सांगितलं. त्यात औषधाचं प्रमाण दहा लिटर पाण्याला दिलं होतं. आमच्याकडचे पंप पंधरा-सोळा लिटरचे, बॅटरीवाले त्याहून मोठे, आणि माप म्हणजे बाटलीचं झाकण. वाचणारा मनातल्या मनात गुणाकार करणार आणि "थोडं जास्तच बरं" म्हणून अजून अर्धं झाकण ओतणार.

2017च्या फवारणीत याच जिल्ह्यात विषबाधेने शेतकरी आणि मजूर गेले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती, फवारा तोंडावर येत होता. त्या गावांत लोक माझं पान उघडतात. म्हणून फवारणीचा मजकूर मी दुसऱ्याच्या भरवशावर कधीच टाकणार नाही. प्रमाणाचा आकडा काढून टाकला. त्या जागी लेबल कुठं आणि कसं वाचायचं ते लिहिलं, लेबलाच्या फोटोसह. रुमाल म्हणजे मास्क नव्हे, हे ठळक केलं.

दुपारी मामांच्या शेतात जाऊन वीस हिरवी बोंडं फोडली. वरून बोंड धडधाकट दिसतं, अळी आत शिरली की छिद्र बुजून जातं. फोडलं तर सरकीत तोंड खुपसून बसलेली गुलाबी अळी, नखाएवढी. विसात दोन बोंडं किडकी निघाली तर दहा टक्के झाले, म्हणजे नुकसानीची पातळी गाठली. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तरी तेच. माझी पाच निघाली. मामांनी बोंडं हातात घेऊन बघितली आणि फरतड ठेवायची नाही, म्हणजे पीक न लांबवता डिसेंबरात पऱ्हाटी उपटायची, असं तिथंच ठरवलं. फोटोत अळीशेजारी माझा अंगठा राहू दिलाय, आकार कळावा म्हणून.

मुलाला फोन करून सगळं सांगितलं. पुढच्या वेळी लिहायच्या आधी शेतात जाईन, म्हणाला. त्याच्या एसटीचे पैसे मी देणार.

15 नोव्हेंबर, शनिवार. सुन्ना

पहाटे टिपेश्वरचं सुन्ना गेट. थंडी सुरू झाली. वाघ दिसला नाही, त्याबद्दल तक्रार नाही. गेटवर वेळा, वाहनांचे नियम, पैसे कसे घेतात ते विचारून लिहून घेतलं. माथनीचं गेट पुढच्या वेळी.

परतताना गाइडशी टी-वनचा विषय निघाला. टिपेश्वरच्या टी-वन वाघिणीचा बच्चा म्हणजे टी-वन-सी-वन. 2019मध्ये गळ्यात कॉलर घेऊन निघाला, तेलंगणाची हद्द ओलांडून परत आला आणि तेराशे किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. आणि 2 नोव्हेंबर 2018च्या रात्री राळेगावकडे गोळी घालून मारलेली अवनी वाघीण, तिचाही क्रमांक टी-वन. दोन वेगळ्या वाघिणी, एकच जिल्हा, एकच खूण. मागच्या महिन्यात एका बाहेरच्या लेखकाने मजकूर पाठवला, त्यात ज्ञानगंगेला गेलेला वाघ अवनीचा पोर होता. वाचायला फार हृद्य. इथल्या कुठल्याही गाइडला वाचून दाखवला असता तर पहिल्या वाक्याला त्याने थांबवलं असतं.

महिन्याला चारशे लेख आले तर हे वाक्य कोण थांबवणार? कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न मिळाला.

18 नोव्हेंबर, मंगळवार

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची मुदत आज संपणार होती. ती 31 डिसेंबरपर्यंत वाढवल्याचं जाहीर झालं. तरी सकाळी सेतू केंद्रावर रांग होतीच, कारण बातमी सगळ्यांपर्यंत पोचली नव्हती.

योजनांच्या साइटला वाचक सगळ्यात जास्त, आणि माझं मन तिथं सगळ्यात कमी. सगळे एकमेकांचं उतरवतात. "दोन मिनिटांत ई-केवायसी करा" हे वाक्य आज मी रांगेत उभ्या उभ्या सात-आठ साइट्सवर वाचलं. माझ्यापुढे एक बाई होत्या. आधी त्यांचा आधार क्रमांक, त्यांच्या फोनवर ओटीपी. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, त्याच्या फोनवर ओटीपी. नवरा वारलेला. वडील त्याआधीच. चालवणारा मुलगा चांगला होता, त्याने तीनदा प्रयत्न केला. रकाना रिकामा ठेवून पडदा पुढे जाईना. बाई म्हणाल्या, "मंग म्या कोनाचा नंबर देऊ, बापू?"

त्या रकान्याबद्दल "दोन मिनिटांत" लिहिणाऱ्या एकाही साइटने काही लिहिलेलं नाही. मी तिथंच बाकावर बसून लिहिलं : अडचण कुठं येते, मुदत वाढली आहे म्हणून घाई नको, मृत्यूचा दाखला काढून ठेवा, सरकारच्या खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता हाच, सारख्या दिसणाऱ्या खोट्या साइटवर आधार टाकू नका. बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी शेजारणीला पाठवायला सांगितलं.

21 नोव्हेंबर, शुक्रवार

जेवणाची साइट पुसदची मुलगी जवळजवळ एकटीच बघते आता. तिने आज बाहेरून आलेला गोळाभाताचा मजकूर परत पाठवला. गोळ्यांना बेसन लिहिलंय, म्हणे. "ताई, बेसनाचे गोळे चिकट होतात. भरडाच पाहिजे. गोळा भातात कुस्करला की रवाळ सुटला पाहिजे, मग त्यावर हिंग-मिरचीचं गरम तेल." तिच्या आजीने भरडा जात्यावर काढला, त्याचा फोटो तिने जोडला. डाळीचे कण मोजता येतील इतका जवळून.

मी काही केलं नाही. फक्त "टाक" म्हटलं.

24 नोव्हेंबर, सोमवार

रात्री संपादक शं. वा. किर्लोस्करांबद्दल वाचत बसले. किर्लोस्करवाडीला नांगरांच्या कारखान्याचं खबरपत्र म्हणून 1920मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं. त्याचं मासिक झालं, मग 1930ला 'स्त्री', 1934ला 'मनोहर'. तीन मासिकं, तीन वेगळे वाचक, एक माणूस. चित्रकला शिकलेला, स्वतः चित्रं काढणारा. मुंबई-पुण्यापासून लांब, रेल्वेच्या एका लहान स्टेशनाजवळ बसून हे चाललं. पसारा वाढला तशी माणसं वाढली. पण 'स्त्री' कुणासाठी आहे हे ठरवणं त्याने कंत्राटाने दिलं नाही. आमच्या यवतमाळला लोकनायक बापूजी अण्यांनी 1918मध्ये 'लोकमत' साप्ताहिक काढलं, तेही इथल्याच माणसांत बसून.

गूगलचं म्हणणंही फिरून तिथंच येतंय. डिसेंबर 2022मध्ये त्यांनी मजकुराच्या कसोट्यांत लिहिणाऱ्याचा स्वानुभव जोडला. मार्च 2024पासून केवळ शोधात वर येण्यासाठी ढिगाने काढलेली पानं त्यांच्या लेखी स्पॅम, माणसाने लिहिली असोत की यंत्राने. गूगल उद्या धोरण बदलेल. सेतू केंद्रावरच्या बाईंची अडचण त्याने बदलत नाही, आणि मी लिहिते ते त्यांच्यासाठी.

28 नोव्हेंबर, शुक्रवार

पुण्याला उत्तर पाठवलं. चारशे लेख नको, वीस साइट्स नको. तांत्रिक काम द्यायला मी तयार आहे : सर्व्हर, बॅकअप, पान लवकर उघडणं, जाहिरातींचा हिशेब. ते माझ्याहून कुणीही बरं करील. मजकूर नाही. एका साइटमागे इथं राहणारा एक माणूस हवा, जो तिथं जाऊन बघतो. तो मिळेपर्यंत पाचवी साइट काढणार नाही.

योजनांची साइट स्वतंत्र ठेवायची नाही असंही ठरलं. जी कामं मी सेतू केंद्रावर बसून बघू शकते तेवढीच पानं कापसाच्या साइटवर नेणार : हमीभावासाठी कपास किसान ॲपवरची नोंदणी, ई-केवायसी, पीक विमा. बाकीची पानं डिसेंबरात काढून टाकेन. वाचक निम्म्याने कमी होतील, जाहिरातीचे पैसेही. दोन महिन्यांची तजवीज आहे.

संध्याकाळी पुसदला फोन केला. जेवणाच्या साइटचं अर्धं उत्पन्न तिचं, पानांवर नाव तिचं, आणि काय टाकायचं ते माझ्या "टाक"शिवाय तिनेच ठरवायचं. ती थोडी गप्प झाली, मग म्हणाली, "ताई, मग तुरीचे सोले आधी घेऊ. आजी म्हणते अजून पंधरा दिवसांनी दाणा भरतो."